अंधारकडी

विनिताला घाबरट म्हणायचं आणि वर खो खो हसायचं, हा गोखिवऱ्याच्या त्या कारखान्यातला सगळ्यांचा आवडता उद्योग होता. ती मीटिंगला निघाली की कुणीतरी म्हणायचंच, "चला, आता काय जळणार आणि कोण मरणार ते ऐकायला बसा." हसणाऱ्यांत तिचे वडीलही असायचे. श्रीपत, तिथले सर्वांत जुने फिटर. बाकीच्यांचं हसणं ती कानाआड करायची, पण बापाचं हसणं तिला झोंबायचं.

कारखाना सैन्यासाठी केबिनी बनवायचा. केबिन म्हणजे ट्रकच्या पाठीवर बसणारी पत्र्याची बंद खोली. आत वायरलेसचे संच, चार खुर्च्या, आणि दार लावलं की बाहेर उजेडाचा टिपूसही दिसता कामा नये अशी अट. त्यासाठी दाराला आतून एक जाडजूड कडी असायची. ती ओढली की रबर घट्ट दाबलं जायचं आणि दार बाहेरून कुणाच्या बापाला उघडायचं नाही. गाळ्यात तिला अंधारकडी म्हणत. ही कडी म्हणजे श्रीपतचा अभिमान. आत दिवा लावून, बाहेर काळोखात उभं राहून ते स्वतः केबिनीभोवती फिरायचे आणि कुठून किरण दिसतोय का बघायचे. कधी दिसलाच नाही.

आता या नव्या केबिनीचं दुखणं काय होतं, ते आधी सांगून टाकतो. आग विझवायला जुन्या नकाशात जो गॅस होता, तो वरचा ओझोन खातो म्हणून जगभर बंद होत चालला होता. पर्यावरणाचं काम हिलरीकडे. हिलरी हुशार, मन लावून काम करणारा. त्याने तो गॅस काढला आणि कार्बन डायऑक्साइडची बाटली घातली. छताला धुराचा वास घेणारं एक डबडं बसवलं. धूर झाला की बाटली आपोआप सुटणार. ओझोन वाचला, सगळे खूश! पण हा गॅस आग विझवतो तो खोलीतली हवा हुसकून लावून, आणि हवा गेली की आगीबरोबर माणूसही विझतो. हे सांगायचं काम सुरक्षेचं, म्हणजे विनिताचं. आणि सुरक्षेची मीटिंग कधी? तर पर्यावरणाच्या मीटिंगनंतर महिनाभराने, ड्रॉइंग पक्कं होऊन पत्रा कापायला गेल्यावर. घर बांधून झाल्यावर जिना कुठून काढायचा ते विचारावं, तसला प्रकार.

"आत माणसं असताना बाटली सुटली तर?" तिने विचारलं होतं.

"तर ती बाहेर येतील. दार आहे ना?" मालक म्हणाला. मालक म्हणजे अनुज. वडिलांच्या मागे कारखाना अंगावर पडलेला तरुण मुलगा, मनाने वाईट नाही, पण कायम घाईत.

"सर, आधी भोंगा वाजू दे. मग माणसांना निघायला वेळ मिळू दे, मग गॅस सुटू दे. आणि कडी बाहेरूनही उघडली पाहिजे."

"बाहेरून उघडली तर ती अंधारकडी कसली?" हे श्रीपत बोलले, आणि सगळी मीटिंग हसली.

हिलरी मात्र हसला नाही. तो म्हणाला, "हिचं बरोबर आहे. पण मला हे आधी कुणी विचारलंच नाही. माझ्या कागदावर फक्त गॅसचं नाव होतं." अनुजने घड्याळ बघितलं. "भोंगा, कडी, सगळं पुढच्या केबिनीत घालू. ड्रॉइंग फ्रीझ झालंय." विनिता हट्टाला पेटली, तेव्हा दोन गोष्टी पदरात पडल्या. मागच्या भिंतीत माणूस जेमतेम निघेल एवढी एक लहान झडप, बाहेरूनही उघडेल अशी. आणि बाटलीच्या मानेत लाल फीत लावलेली एक पिन. पिन आत आहे तोवर गॅस सुटणार नाही. काम चालू असेपर्यंत पिन काढायची नाही, असं तिने स्वतःच्या हाताने पाटीवर लिहून लावलं.

काम संपलं. सैन्याचे तपासनीस आले, त्यांनी पिन काढायला लावली, यंत्रणा चालू करून बघितली आणि बाटलीच्या पेटीला शिशाचं सील ठोकलं. आता पेटीला हात लावायचा नाही, केबिन थेट छावणीत जाणार. विनिताने पिन पर्समध्ये टाकली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. गाडी निघायच्या दिवशी तिला अर्ध्या दिवसाची सुट्टीही मिळाली. सांडोरच्या घरी येऊन ती जेवली आणि ओटीवर आडवी झाली.

आई, चंद्रकांता, वाडीतली केळफुलं सोलत बसली होती. सहज म्हणाली, "तुझ्या बाबांचा फोन आला होता मघाशी, ऑफिसातून. धूप कुठे ठेवलाय म्हणून."

"कसला धूप?"

"अगं, पूजेचा! सकाळी घरचं धुपाटणं घेऊन गेलेत ना. पिशवीतच ठेवलाय म्हटलं मी. तर म्हणाले, काय हा वारा सुटलाय, कापूर टिकत नाही की निखारा धरत नाही. आता आत बसून दार लावूनच करतो म्हणे पूजा."

विनिता उठून बसली.

पूजा! देवा रे, पूजा कशी विसरले मी?

प्रत्येक केबिन गाडीवर चढून निघाली की श्रीपत तिची पूजा करायचे. हळद-कुंकू, नारळ, आणि मग धुपाटणं घेऊन केबिनीच्या चारी कोपऱ्यांत धूर द्यायचा, आत बसणाऱ्या पोरांना काही होऊ नये म्हणून. अनुजच्या वडिलांनी घातलेला हा पायंडा. विनिता लहानपणापासून या पूजेचा प्रसाद खात आली होती. पण तेव्हा केबिनी लहान असायच्या, शेडमध्ये दार उघडं ठेवून पूजा व्हायची आणि आग विझवायला भिंतीवर दोन डबे टांगलेले असायचे, बस्स. ही केबिन उंच, गाडीवर चढल्यावर शेडमध्ये मावेना म्हणून मैदानात उभी. तिने काय काय विचार केला होता! वायर जळाली तर, बॅटरी तापली तर, गाडी उलटली तर. बाटली भरताना, बदलताना, मोडीत काढताना काय होईल, तेही. आणि आपल्या नजरेसमोर वर्षानुवर्षं चालत आलेली गोष्ट तिच्या नकाशात कुठेच नव्हती. सील लागलं की तिचं काम संपत होतं आणि छावणीच्या फाटकात सैन्याचं सुरू होत होतं. मधल्या त्या तासाभरात श्रीपत धुपाटणं घेऊन उभे होते.

तिने फोन ओढला. कारखान्याचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. ऑफिसात कोण असणार? सगळे मैदानात, हात जोडून. अनुजच्या मोबाईलवर बाई बोलली की संपर्क होऊ शकत नाही. पूजेच्या वेळी तो स्वतःचा आणि सगळ्यांचाच मोबाईल बंद ठेवायला लावायचा, वडिलांची शिस्त म्हणून.

"आई, इकडे ये. हा नंबर फिरवत राहा. कुणीही उचललं तर एवढंच सांग, दार उघडा. दुसरं काही बोलू नकोस. दार उघडा."

"अगं पण झालं काय?"

"फिरवत राहा!"

ती इतक्या जोरात ओरडली की आईच्या हातातलं केळफूल खाली पडलं.

तिने स्कूटी काढली. केळीच्या वाड्यांमधून, चर्चच्या वळणावरून ती अंबाडी रोडला लागली तेव्हा तिला रस्ता दिसत नव्हता, केबिन दिसत होती. आतली हवा केवढी, बाटली केवढी, हे गणित तिनेच केलं होतं. माणसाला शुद्ध किती वेळ राहील, तेही तिनेच काढलं होतं आणि अनुजच्या टेबलावर ठेवलं होतं. तेव्हा तो नुसता एक आकडा होता. आता त्या आकड्याला बापाचं तोंड आलं.

निखारा धरायला वेळ लागतो, ती स्वतःला बजावत होती. नारळाच्या शेंड्या आधी नुसत्या धुमसतात. आणि मग तिच्याच लक्षात आलं की धुमसतात म्हणजे धूर करतात, आणि तिला रडू फुटलं. पुलावर एक टेम्पो आडवा लागला होता. "अरे हलव ना! माझा बाप मरतोय रे!" ती किंचाळली. टेम्पोवाला बिचारा घाबरून मागे सरला. ते शब्द तोंडातून गेले कसे, म्हणून तिने स्वतःच्याच थोबाडीत मारली.

कारखान्याच्या फाटकातून ती आत शिरली तेव्हा मैदानात सगळं शांत होतं. गाडी उभी. गाडीच्या नाकाला हार. चालक कृष्णा टोपी काढून उभा. अनुज, हिलरी, सगळे कामगार हात जोडून. केबिनीचं दार बंद, आणि आतून घंटी वाजत होती. किणकिण, किणकिण.

घंटी वाजतेय! म्हणजे बाबा आहेत. जिवंत आहेत.

"बाबा, दार उघडा!" स्कूटी तशीच आडवी टाकून ती धावली. "धूप बाहेर काढा! दार उघडा!"

"श्श!" कुणीतरी तिचा हात धरला. "आरती चाललीय, मधेच थांबवू नये."

"सोड! हिलरी, बाटलीत पिन नाहीये! आत धूर आहे!"

हिलरीच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. बाकी कुणाला काही कळलं नाही. विनिताने दारावर मुठी आपटल्या. आत श्रीपतना वाटलं असेल, पोरं उत्साहात टाळ्या वाजवतायत. घंटी उलट जोरात वाजू लागली.

मग आत फुस्स असा मोठा आवाज झाला. एकदम सुटलेला, लांबलेला, पत्रा हादरवणारा आवाज.

घंटी थांबली.

आतून एकदा दारावर काहीतरी आदळलं. खांदा असेल. कडी शोधत असतील. पांढऱ्या धुक्यात स्वतःच बसवलेली कडी त्यांना सापडत नव्हती. नंतर काहीच नाही.

सगळे दाराला झोंबले. दार हललंसुद्धा नाही. हलणार कसं? श्रीपतनी बसवलेलं होतं ते.

"मागे! मागची झडप!" विनिता ओरडली.

झडपेची मूठ फिरली, पण झडप उघडेना. चारी कडांना काळं सीलंट भरलेलं होतं, बोटाने सारखं केलेलं, नीटस. पाण्याच्या चाचणीत झडपेतून थेंब आला म्हणून श्रीपतनी कुणालाही न विचारता ती बुजवली होती. "एक थेंब जाणार नाही आता," असं त्या दिवशी घरी जेवताना म्हणालेही होते. कुठून ते तिने विचारलं नव्हतं. "बाबा, काय केलंत हो हे," म्हणत ती नखांनी सीलंट ओरबाडू लागली. कृष्णाने तिला बाजूला केलं, चाक खोलायची लोखंडी टॉमी फटीत घातली आणि सगळं वजन टाकलं. एकदा. दोनदा. झडप उखडून आली आणि आतून गार पांढरा लोट बाहेर पडला.

श्रीपतचा एक पाय दिसत होता. चप्पल काढून पूजेला बसले होते, उघडा पाय.

हिलरी झडपेत घुसायला वाकला, आणि विनिताने त्याची कॉलर धरून त्याला मागे खेचलं.

"नाही! आत गेलास तर तूही पडशील. मग दोघं."

"विनिता, काका आहेत आत!"

"माहितेय मला! माझा बाप आहे तो!"

यापेक्षा वाईट क्षण तिच्या आयुष्यात पुढेही आला नाही. बाप समोर पडलाय, हात लांब केला तर बोटं पोचतील, आणि आपणच आडवं उभं राहून कुणाला जाऊ देत नाही. अनुज बघत होता. त्याच्या डोळ्यांत होतं की ही पोरगी वेडी झालीय. तिने गाडीवरचा दोर ओढला, हिलरीच्या कमरेला करकचून गाठ मारली. "लहानपणी बावखलात बुड्या मारायचास ना? तशीच बुडी. श्वास इथे घे. आत एकही घ्यायचा नाही, अर्धासुद्धा नाही. पाय धरायचे आणि ओढायचं. दोर ढिला पडला तर मी तुला खेचणार, बाबा हाती लागोत न लागोत."

हिलरीने क्रूसाची खूण केली, छाती भरून घेतली आणि कमरेपर्यंत आत गेला. विनिताच्या हातात दोर. दोर ताठ होता. ताठ राहिला. मग हिलरीच्या पायांनी झटका दिला आणि सगळ्यांनी मिळून ओढलं. आधी तो बाहेर आला, आणि त्याच्या मिठीत श्रीपतचे पाय, मग धोतर, मग निळं पडलेलं तोंड.

त्यांना जमिनीवर आडवं केलं. छाती हलत नव्हती. विनिताने गुडघे टेकले, त्यांचं नाक दाबलं आणि तोंडाला तोंड लावून हवा फुंकली. वर्गात शिकली होती, रबरी बाहुलीवर. बाहुलीच्या तोंडाला तंबाखूचा वास नव्हता. पुन्हा फुंकली. मैदानात ऑफिसातला फोन ऐकू येत होता. वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा.

श्रीपत खोकले. मग कुशीवर वळून भडाभडा ओकले. कृष्णा चक्क खाली बसून रडायला लागला.

रिक्षा बोलवायला एक जण धावला. श्रीपतचे डोळे उघडले, ओठांवर रंग आला, पण अंगाची थरथर थांबेना. विनिता त्यांचे तळहात चोळत होती.

अनुज घाम पुसत जवळ आला. "काका, वाचलात, देवाची कृपा! आता हॉस्पिटलला जाऊन या." मग तो हिलरीकडे वळला आणि आवाज खाली आणला. "शेडमध्ये दुसरी बाटली आहे ना? ती बसव. झडप रिव्हेट करून टाका. सीलचं मी बघतो. गाडी आज निघायलाच हवी, नाहीतर पुढची ऑर्डर गेली. आणि यातलं बाहेर बोलायचं नाही कुणी. पूजेत चूक झाली, बस्स. सैनिक काय आत धूप जाळणारेत?"

"सिगारेट ओढतील," विनिता म्हणाली. "थंडीत शेगडी पेटवतील. रात्रभर दार लावून बसतील, सर. अंधारकडी त्यासाठीच तर आहे."

"विनिता, प्लीज. आता नको."

श्रीपत उठून बसले. कुणाचा हात न धरता उभे राहिले, झोकांड्या खात केबिनीच्या मागे गेले. झडप उखडल्यापासून आतलं धुकं ओसरलं होतं, कृष्णाने कमरेला दोर बांधून, श्वास रोखून झडपेतून आत शिरून दारही सताड उघडलं होतं. श्रीपत फिरून दाराशी आले, पायऱ्या चढले आणि पहिल्या खुर्चीवर जाऊन बसले. सैनिकाच्या खुर्चीवर. पायाशी उलटं धुपाटणं आणि सांडलेली राख.

"बाबा!" विनिता किंचाळली. "उतरा खाली! उतरा आधी!"

"अनुज, इकडे ये रे," श्रीपत म्हणाले. आवाज घोगरा, तुटक. अनुजला त्यांनी लहानपणी खांद्यावर खेळवलेलं होतं. "तुझी बाटली बसव. पिन काढ. ही कडी मी लावतो. मग पाठव गाडी."

"काका, असं काय करताय?"

"कडी कुठाय ते मला दिसलं नाही रे. मी बसवली, मला दिसली नाही. हात फिरवत होतो नुसता. आई आठवली मला. माझी आई." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते त्यांनी पुसलंही नाही. "चार पोरं बसणार इथे. त्यांना ती कडी कोण दाखवणार? मी हिला हसलो. भर मीटिंगमध्ये हसलो. तू पाठवतोस ना गाडी? मग मला आत बसवूनच पाठव. मी उतरणार नाही."

विनिताला वर जाऊन त्यांना ओढून काढायचं होतं. पाय उचलेना. पुन्हा त्या दाराच्या आत गेलेला बाप तिला बघवत नव्हता. बाटली रिकामी आहे, दार उघडं आहे, काही होणार नाही, हे तिला कळत होतं, तरी जीव धपापत होता.

अनुज दाराशी उभा होता. त्याने आत बघितलं. खुर्चीकडे, कडीकडे, राखेकडे. मग पहिल्याच पायरीवर मटकन बसला. "उतरा, काका," तो म्हणाला. "गाडी नाही जाणार. मीच कळवतो त्यांना. सगळं कळवतो." बोलता बोलता त्याला हुंदका आला. "हिलरी, विनिता, दोघं मिळून पहिल्यापासून काढा हे ड्रॉइंग. एका टेबलावर बसून."

हिलरीने आत जाऊन श्रीपतना धरून उतरवलं. ते जमिनीवर आले तेव्हा कुठे विनिताला श्वास घेता आला.

फोन अजून वाजत होता. ती ऑफिसात धावली आणि रिसीव्हर उचलला. पलीकडे कोण आहे हे न विचारता, काय झालंय ते माहीत नसताना, आई रडक्या आवाजात एकच बोलत सुटली, "दार उघडा हो, दार उघडा, कुणीतरी दार उघडा..."

"उघडलं गं आई," विनिता म्हणाली.